पारनजर

मुलगी बघण्याचा कार्यक्रम हल्ली भर दुपारी गच्चीवर होतो. पोहे खाली स्वयंपाकघरात झाकून ठेवायचे, पाहुण्यांच्या हातात कोकम सरबताचे पेले द्यायचे आणि ऊन डोक्यावर आलं की सगळ्यांनी जिना चढायचा. मुलीनं अंगाला काहीही लावायचं नाही. पावडर नाही, क्रीम नाही, सनस्क्रीन तर मुळीच नाही. केस वर बांधायचे, बाह्या कोपरापर्यंत. मग पाहुण्यांतली साठीच्या पुढची एक बाई आपला पिवळा चष्मा काढते, मुलीला उन्हात उभं करते, मान वळव म्हणते, हात उताणे कर म्हणते. आणि बाकीचे सगळे पाण्याच्या टाकीच्या सावलीत घाम पुसत त्या बाईच्या तोंडाकडे बघत उभे राहतात.

ही सगळी करणी डोळ्यांत घालायच्या एका औषधाची. औषध चांगलं आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वाईट औषधांवर राग काढणं सोपं असतं.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंग गढूळ होणं. भिंगातली प्रथिनं तरुणपणी ओळीनं बसलेली असतात, म्हणून ते नितळ असतं. वय झालं की ती एकमेकांना चिकटतात, त्यांच्या गुठळ्या होतात आणि भिंग नासलेल्या दुधासारखं दिसायला लागतं. पूर्वी ते काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवत. 'निर्मोती' नावाचे थेंब आले आणि या गुठळ्या जागच्या जागी विरघळायला लागल्या. झोपताना दोन थेंब, काही महिन्यांत भिंग लहान मुलाचं असावं तसं स्वच्छ. ना ऑपरेशन, ना डोळ्यावर पट्टी. घरोघरच्या म्हाताऱ्यांनी सुईत दोरा ओवून बघितला आणि औषध शोधणाऱ्यांना तोंडभरून आशीर्वाद दिले.

पण गुठळ्यांबरोबर आणखी एक गोष्ट विरघळली. माणसाच्या भिंगात फिकट पिवळा रंग असतो आणि तो गाळणीचं काम करतो. सूर्याच्या उजेडात जांभळ्या रंगाच्याही पलीकडचे किरण असतात. शास्त्राची पुस्तकं त्यांना जंबुपार किरण म्हणतात. ही गाळणी त्यांना अडवते. खरं तर डोळ्याच्या मागच्या पडद्याला ते दिसू शकतात, पण भिंग ते त्याच्यापर्यंत पोचूच देत नाही. निर्मोतीनं गाळणी धुऊन नेली आणि जन्मभर बंद असलेली खिडकी म्हातारपणी उघडली. हे किरण पडद्याला हळूहळू भाजतात, म्हणून साठीच्या आतल्या कोणालाही हे औषध देत नाहीत, आणि साठीच्या पुढच्यांना सोबत पिवळा चष्मा देतात. चष्मा घातला की सगळं पूर्वीसारखं. काढला की पलीकडचं दिसतं. लोकांनी या नजरेला नाव ठेवलं, पारनजर. एके काळी अमकीला डोळे आलेत म्हटलं की शेजारीपाजारी लांब पळायचे. आता 'डोळे आलेली बाई' म्हटलं की तिला न्यायला दारात गाडी येते.

पारनजरेला फुलांच्या पाकळ्यांवर भलत्याच रेघा दिसतात. सनस्क्रीन काजळ फासल्यासारखं काळं दिसतं, कारण ते हे किरण पिऊन टाकतं. आणि माणसाच्या कातडीचा रंग आतून जिथे उतरायला लागला असेल, ती जागा पांढरी चमकते. साध्या डोळ्यांना तिथे काही दिसायच्या कितीतरी वर्षं आधी. म्हणजे कोड. हा शब्द आपल्याकडे अजून आवाज खाली आणून उच्चारतात. कोड एकाचं दुसऱ्याला होत नाही, त्यानं दुखत नाही, आयुष्य कमी होत नाही, हे सगळं मुलं शाळेत शिकतात आणि घराचा उंबरा ओलांडताना बाहेर ठेवून येतात. सोयरिकी जुळवणाऱ्यांचं तर या औषधानं आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं झालं.

कराडच्या उज्ज्वला साळुंखे यांना पारनजर आली तेव्हा त्यांना नगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. जन्मभर मराठी शिकवलं, लग्न केलं नाही, धाकटा भाऊ राजेंद्र आणि त्याची मुलगी शाल्मली यांच्याजवळ राहिल्या. शाल्मलीची आई लवकर गेली, तेव्हा वेणी घालण्यापासून पाढे म्हणून घेण्यापर्यंत सगळं आत्यानंच केलं होतं.

अंगणात पहिल्यांदा चष्मा काढला तेव्हा समोर राजेंद्र पेपर वाचत बसला होता. त्याचं कपाळ, नाक, गाल सगळं ठिपक्याठिपक्यांचं दिसलं. उज्ज्वलाबाई घाबरल्या. मग दूधवाला आला, तोही ठिपकेदार. पलीकडच्या मोकाशीकाकू ठिपकेदार, त्यांचा गोरा म्हणून मिरवणारा जावई तर सगळ्यांत जास्त. उन्हातान्हात वावरलेल्या प्रत्येकाच्या कातडीत ऊन असं मुरलेलं असतं. कोणाचंच अंग स्वच्छ नव्हतं. उज्ज्वलाबाईंना त्या सकाळी फार हसू आलं, आणि आपल्याला एक मोठी बातमी कळली आहे असंही वाटलं. पण ती बातमी कोणाला नको होती. काळ्या-करड्या ठिपक्यांचं कोणी काही विचारत नव्हतं. विचारत होते ते फक्त पांढऱ्याचं, आणि तेही फक्त मुलीच्या अंगावरच्या.

ओळखीतल्यांनी त्यांना कौतुकानं गच्चीवर नेलं. त्यांनी मुलीला बघितलं, छान आहे म्हणाल्या, आणि मग म्हणाल्या, आता मुलाला उन्हात आणा. मुलाला कशाला, असं मुलाच्या काकांनी विचारलं. तेव्हा मुलगा काय सावलीत वाढलाय का, असं उज्ज्वलाबाईंनी विचारलं. असं दोन घरी झालं. तिसऱ्या घरून गाडी आली नाही. उज्ज्वलाबाईंना त्याचं काही वाटलं नाही. शाळेतही कार्यक्रमाला त्यांना शेवटी भाषण द्यायचे, वेळ उरला तर.

शाल्मली कानाच्या दवाखान्यात काम करायची. लोकांना बंद खोलीत बसवायचं, कानाला यंत्र लावायचं, बारीक बारीक आवाज सोडायचे आणि ऐकू आलं की हात वर करा म्हणून सांगायचं, हे तिचं काम. कान फुटलेली पोरं, कानात शिट्टी वाजते म्हणून झोप न येणारे आजोबा, सगळे तिच्याकडे. साताऱ्याचा निनाद शिर्के तिथेच भेटला. नदीत पोहून त्याच्या कानात दडा बसला होता आणि त्यानं काडीपेटीतल्या काडीनं तो आणखी आत ढकलला होता. शाल्मलीनं मळ मऊ करायचे थेंब घातले, कूस बदलून पडून राहायला सांगितलं, आणि तेवढ्या वेळात त्याला काडीवरून इतकं बोलली की थेंबांची बाटली संपल्यावरही तो येत राहिला. दोघांचं ठरलं. निनादची आई पल्लवी हिची हरकत नव्हती. फक्त एकदा गच्चीवर उभं राहायचं होतं, रीत म्हणून. साताऱ्याच्या गुणेमावशी येणार होत्या. त्यांच्या नजरेची त्या भागात ख्याती होती.

आणि त्याच आठवड्यात न्हाऊन केस वाळवत बसलेल्या शाल्मलीच्या डाव्या कानामागे उज्ज्वलाबाईंना तो डाग दिसला. तुळशीच्या पानाएवढा, पांढरा, लख्ख. त्यांनी चष्मा घातला. तिथे नेहमीची सावळी कातडी होती. काढला, तर पान होतं. बारशाला याच कानाशी तोंड नेऊन त्यांनी कुर्र करून नाव सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी कोणाला न सांगता त्या मिरजेला गेल्या. निर्मोतीवर काम केलेल्यांपैकी डॉक्टर नफीसा मुजावर तिथल्या एका नेत्रसंशोधन संस्थेत होत्या, आणि शाळेत त्या उज्ज्वलाबाईंच्या वर्गात होत्या. एवढ्या मोठ्या डॉक्टरीणबाई उठून उभ्या राहिल्या, बाई या, म्हणाल्या. उज्ज्वलाबाई इकडचं तिकडचं काही बोलल्या नाहीत. आपल्या डोळ्यांतली पिवळी गाळणी परत बसवून द्या म्हणाल्या.

नफीसानं सांगितलं की तो रंग शरीर वर्षानुवर्षं साठवत असतं, बाटलीतून घालता येत नाही. चष्मा तेच काम करतो.

"चष्मा काढता येतो गं," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "मला न काढता येणारा हवाय."

मग त्यांनी शाल्मलीचं सांगितलं. नफीसानं ऐकून घेतलं आणि कागदावर कातडीचे थर काढून दाखवले, एके काळी बाईंनी फळ्यावर समास सोडवून दाखवावेत तसे. कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. कधी कधी शरीर त्यांनाच परकं समजून त्यांच्यावर उठतं. काही पेशी गळाल्या तरी उरलेल्या काम चालवून नेतात, म्हणून वरून काही कळत नाही. पारनजरेला मात्र ती तूट तेव्हाच दिसते. पुढे काय होईल, असं उज्ज्वलाबाईंनी विचारलं. नफीसा म्हणाली की काहींचे डाग पुढे वर येतात, पसरतात, काहींचे आहेत तिथेच थांबतात, काहींचे भरून येतात. लावायला मलमं आहेत, लागू पडतातही, पण सगळ्यांना पडतात असं नाही.

"किती जणांचे वर येतात?"

"माहीत नाही, बाई. आजवर ज्यांचे वर आले तेवढेच आमच्यापर्यंत पोचले. ज्यांचे कधीच आले नाहीत, त्यांना आपल्याला काही होतं हेही न कळता ते म्हातारे होऊन गेले. त्यांना मोजणार कोण? आता दिसतंय तर मोजायला हवं. पण मोजायला कोणी येतच नाही, सगळे लपवायलाच येतात." तिनं पेन खाली ठेवलं. "आम्ही चाचण्या केल्या तेव्हा सगळं विचारलं होतं. डोळे चुरचुरतात का, रात्री गाडी चालवताना त्रास होतो का. शेजारणीची मुलगी कशी दिसते, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. पूर्वी लग्न मोडायला निदान कोड तरी लागायचं. आता नुसती शंका पुरते."

सनस्क्रीन लावून पान झाकता येणार नाही, हे उज्ज्वलाबाईंना ठाऊक होतं. झाकलेली जागा काळी दिसते, आणि गच्चीवर काळं म्हणजे लपवलेलं पांढरं, हे आता पोरासोरांनाही कळतं. नफीसानं त्यांना बसस्टँडवर सोडलं आणि पाया पडली.

घरी येऊन त्यांनी शाल्मलीला सगळं सांगितलं. राजेंद्रही तिथेच होता. शाल्मलीनं कानामागे हात नेला, बोटांनी चाचपून बघितलं, जणू काही लागेल. मग ती न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू ठेवून आत राहिली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. राजेंद्र म्हणाला की आपण कार्यक्रमच रद्द करू, तुला ताप आलाय म्हणून कळवू.

"बाबा, गच्चीवर न गेलेल्या मुलीबद्दल लोक काय समजतात, ते तुम्हाला माहीत नाही का?" ती म्हणाली. "गेले तर एक बाई सांगणार, नाही गेले तर सगळा गाव सांगणार."

रात्रभर ती चिडलेली होती. कोडावर नाही, त्याचं काय करायचं ते करू, दवाखान्यात काम करणारी मुलगी होती ती. तिला चीड आली होती ती त्या उभं राहण्याची. मान वळव. हात उताणे कर. मंडईत वांगं फिरवून बघतात तसं. आणि सगळ्यांत जास्त चीड ही की या सगळ्यात मुलीनं काही बोलायचं नसतं. बाई बघणार, बाई सांगणार, पाहुणे उठणार. मुलगी गप्प.

सकाळी ती सनस्क्रीनची ट्यूब घेऊन आत्यापुढे बसली.

"आत्या, तुझं फळ्यावरचं अक्षर अजून तसंच आहे ना?"

उज्ज्वलाबाईंना आधी कळलं नाही. कळल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि तिला अंगणात उन्हात नेलं. लिहायला कान कोरायची कापसाची काडी घेतली. ही काडी कानात घालू नका म्हणून शाल्मली जगाला ओरडून सांगायची. काडीचा योग्य उपयोग शेवटी त्या दिवशी सापडला. उज्ज्वलाबाईंनी पानाभोवती आधी वेलबुट्टी काढली, हळदीकुंकवाच्या रांगोळीला काढतात तशी. मग त्याखाली, मानेवर, शाल्मलीनं सांगितलेले दोन शब्द लिहिले. काना-मात्रा नीट, शब्दांत अंतर सोडून, शेवटी प्रश्नचिन्ह. राजेंद्र समोर उभा होता. त्याला मुलीच्या मानेवर काहीही दिसत नव्हतं. तो फक्त ताईच्या हाताकडे बघत होता.

पाहुणे वेळेवर आले. सरबत झालं, हवापाणी झालं, जिना चढून झाला. पल्लवीताई सावलीत उभ्या राहिल्या, त्यांच्याजवळ निनाद. राजेंद्र कठड्याला धरून, उज्ज्वलाबाई त्याच्या शेजारी. गुणेमावशींनी चष्मा काढून पदराला पुसला आणि कमरेला खोचला. या कामात त्या मुरलेल्या होत्या. इतकी वर्षं इतक्या गच्च्यांवर उघड्या डोळ्यांनी उभं राहून त्यांच्या नजरेचा मधला भाग भाजून गेला होता आणि तिथे एक करडा डाग बसला होता. हे त्या कोणाला सांगत नसत. नीट बघायचं असलं की त्या कोंबडी दाणा बघते तशी मान तिरकी करत.

हात झाले. चेहरा झाला. मान वळव, असं त्या म्हणाल्या. शाल्मलीनं मान वळवली आणि स्वतःच केस आणखी वर धरले.

गुणेमावशी पुढे झाल्या. मागे झाल्या. मान एका बाजूला तिरकी केली, मग दुसऱ्या बाजूला.

"काय आहे?" पल्लवीताईंनी विचारलं.

"लिहिलंय काहीतरी."

"कुठे? मला काही दिसत नाही."

"तुम्हाला नाही दिसायचं," गुणेमावशी म्हणाल्या, आणि नाक जवळजवळ मुलीच्या मानेला लावून, पहिलीतलं पोर वाचतं तसं एकेक अक्षर लावत त्यांनी मोठ्यानं वाचलं. "आ... हे. आहे. म... ग. मग? आहे. मग?"

गुणेमावशींना वाचून झाल्यावर आपण काय वाचलं ते कळलं. आजवर त्यांनी बघितलेल्या एकाही मुलीनं त्यांना उलट प्रश्न विचारला नव्हता. त्या चष्मा घालायचं विसरल्या.

"म्हणजे आहे?" पल्लवीताईंचा आवाज चढला.

"आहे. कानामागे, तुळशीच्या पानाएवढा. भोवती वेलबुट्टी काढलीय." मग त्यांना राहवलं नाही. "छान काढलीय."

शाल्मलीनं केस सोडले आणि ती वळून निनादकडे बघत उभी राहिली. निनाद पुढे आला. म्हणाला की मला काही फरक पडत नाही, मला तर तिथं काही दिसतसुद्धा नाही.

"आत्ता दिसत नाही," ती म्हणाली. "साठीला तू निर्मोती घालशील, सगळे घालतात. तेव्हा दिसेल. तेव्हा फरक पडेल का?"

कोणीही पटकन नाही म्हणालं असतं. निनाद विचार करत उभा राहिला, आणि त्याच्या आईला त्यातच हायसं वाटलं.

"माहीत नाही," तो शेवटी म्हणाला. "पडणार नाही असं वाटतंय. पण दिसल्याशिवाय कसं सांगू?"

शाल्मलीला हे उत्तर आवडलं नाही आणि खोटंही वाटलं नाही. पल्लवीताईंनी पर्स उचलली, चला म्हणाल्या. पण निनाद जिन्याकडे जाण्याऐवजी उन्हात आला, शाल्मली उभी होती तिथेच येऊन उभा राहिला आणि शर्टाची वरची बटणं सोडून त्यानं कॉलर मागे ओढली.

"आत्या, मला बघा."

"तुला काय बघायचंय?" पल्लवीताई म्हणाल्या. "तू मुलगा आहेस."

गुणेमावशींनी तेवढ्यात चष्मा घालून टाकला. मुलगे बघण्याची त्यांच्यात रीत नव्हती. उज्ज्वलाबाई मात्र चष्मा काढून पुढे झाल्या. त्यांनी निनादला समोरून बघितलं, मान वळवायला सांगितली, दोन्ही कानांच्या मागे बघितलं, हात उताणे करायला लावले. परत एकदा मान बघितली. बघायला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त वेळ लागला, असं सगळ्यांनाच वाटलं. मग त्यांनी चष्मा घातला.

"झालं," त्या म्हणाल्या.

"काय दिसलं?" पल्लवीताईंनी विचारलं. उज्ज्वलाबाई सरबताचे रिकामे पेले गोळा करायला लागल्या. "अहो, काही आहे का?"

"तुम्हीच आत्ता म्हणालात ना, मुलाला काय बघायचंय म्हणून. मग दिसलेलं तरी कशाला सांगू?"

पल्लवीताई गुणेमावशींकडे वळल्या आणि बोलता बोलता थांबल्या. त्यांना सांगावं, तुम्ही बघा, तर आपल्या मुलाबद्दल आपल्याला शंका आहे हे त्या बाईला कळणार. आणि गुणेमावशींना कळलेली गोष्ट किती दिवस कुठे राहते, हे पल्लवीताईंइतकं कोणाला ठाऊक असणार? आजवर दुसऱ्यांच्या मुलींचं त्यांनी मावशींकडूनच तर ऐकलं होतं. जिना उतरताना त्यांचा हात आपोआप निनादच्या कॉलरकडे गेला. त्यानं तो बाजूला केला. पोहे तसेच राहिले.

शाल्मलीला वाटलं होतं की आपण रडू. तसं काही झालं नाही. तिला हलकं वाटत होतं, परीक्षेचा पेपर हवा तसा लिहून बाहेर पडल्यासारखं. मुलगा येवो न येवो, आपण गप्प उभे राहिलो नाही. राजेंद्रनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो पोहे गरम करायला खाली गेला. गच्चीवर दोघीच राहिल्या. सतरंजी झटकता झटकता शाल्मलीनं सहज विचारावं तसं विचारलं.

"आत्या, त्याच्या अंगावर काय दिसलं गं?"

उज्ज्वलाबाईंनी सतरंजीचं टोक सोडलं. त्यांनी भाचीकडे इतका वेळ बघितलं की शाल्मलीचे कान तापले.

"तूपण?"

"मला फक्त माहीत असावं म्हणून..."

"पल्लवीताईपण फक्तच म्हणत होत्या."

थोड्या वेळापूर्वी हीच ती मुलगी होती, मानेवर दोन शब्द घेऊन उन्हात उभी राहिलेली. आणि आता, त्याच उन्हात, तिला दुसऱ्याच्या मानेवर काय आहे ते हवं होतं. का हवं होतं? ते कळल्यावर ती काय करणार होती? तिला ठाऊक नव्हतं, आणि तरी ते हवंच होतं. घशाला कोरड पडल्यावर पाणी हवं असतं तसं.

उज्ज्वलाबाईंनी चष्मा काढला. ट्यूब आणि कापसाची काडी अजून कठड्यावर पडली होती. त्यांनी शाल्मलीचा उजवा हात ओढून घेतला आणि तळव्यावर काहीतरी लिहिलं. लहानसंच होतं. शाल्मलीला काडीचा गार स्पर्श तेवढा कळला.

"घे. हात तुझा आहे, तू ठरव. वाचून हवं असेल तर मोकाशीकाकूंकडे जा, त्यांनाही डोळे आलेत."

त्या पेले घेऊन खाली गेल्या. शाल्मलीनं हात उन्हात धरला, तिरका केला, डोळ्यांजवळ नेला. तळव्यावर तिच्या नेहमीच्या रेषा होत्या. मोकाशीकाकूंचं अंगण तिथून दिसत होतं, काकू वाळवणाशी बसल्या होत्या, चष्मा कपाळावर. हाक मारली असती तर त्यांनी वर बघितलं असतं.

फोन वाजला. निनादचा होता. तिनं डाव्या हातानं घेतला. तो सलग बोलत गेला: आईशी बोलणं झालंय, ती रडतेय, पण मी तिला सांगितलंय की मला लग्न करायचंय, माझं ठरलंय. मग तो थांबला. तो थांबला तेव्हाच पुढचं काय येणार ते तिला कळलं.

"एक विचारू का? आत्यांनी तुला सांगितलं असेल ना. काय दिसलं त्यांना?"

शाल्मलीनं आपल्या तळहाताकडे बघितलं. तिथे उत्तर होतं, आणि तिला ते वाचता येत नव्हतं.

"आहे," ती म्हणाली. "मग?"

अगदी हलका आवाजही पकडायची सवय असलेले तिचे कान होते; तिला त्याचा श्वास ऐकू येत होता, गाडीच्या खिडकीबाहेरचा वारा ऐकू येत होता. आपण जे म्हणालो ते खरं आहे की खोटं, हे तिला माहीत नव्हतं. त्याला द्यायचा तो वेळ ती देणार होती. तिलाही एक रात्र लागली होती. फोन कानाला तसाच धरून ती टाकीजवळ गेली, कोपरानं नळ उघडला आणि उजवा हात पाण्याखाली धरला.

सनस्क्रीन नुसत्या पाण्यानं निघत नाही, अंगठ्यानं चोळावं लागतं. ते निघालं की नाही, हे तिला दिसणार नव्हतं. ती चोळत राहिली.